काटा हलला नाही : तिसऱ्यांच्या प्रकल्पाच्या नोंदी

२ डिसेंबर २०२४

विषय आज नक्की झाला: समुद्राचं आम्लीकरण, त्याला शिंपल्यांचं शरीर कसं तोंड देतं आणि त्यात जनुकांचा वाटा किती. बडोद्यात बसून समुद्राचा विषय कशाला, असं वर्गात दोघांनी विचारलं. आईचं माहेर रत्नागिरीचं. दर मे महिन्यात मामाकडे तिसऱ्यांचं (तिसरी म्हणजे खायचा छोटा शिंपला) सुकं आणि कालवांची (खडकाला चिकटलेल्या खडबडीत शिंपल्यांची) आमटी खात मी वाढले. मला दुसरा विषय सुचलाच नाही.

पहिला आराखडा मॅडमनी दोन मिनिटांत परत दिला. त्यात शिंपला व्हिनेगरमध्ये टाकून तो फसफसताना दाखवायचं ठरवलं होतं. मॅडम म्हणाल्या, "हे आठवीच्या प्रदर्शनात चालतं. समुद्राचं व्हिनेगर होणार नाहीये. जे होतंय ते मोज." बरोबर आहे त्यांचं. आराखडा पुन्हा लिहायला घेतला.

५ डिसेंबर

रसायनशास्त्र आधी पक्कं करते, नाहीतर पुढे सगळंच डळमळेल.

औद्योगिक क्रांतीपूर्वी हवेत कार्बन डायऑक्साइड दशलक्षात सुमारे २८० भाग होता, आता तो ४२० च्या वर गेला आहे. माणूस जितका वायू सोडतो त्यातला साधारण पाव हिस्सा समुद्र शोषून घेतो. पाण्यात मिसळल्यावर त्याचं कार्बोनिक आम्ल होतं, त्यातून हायड्रोजन आयन सुटतात, आणि हे सुटलेले आयन पाण्यातल्या कार्बोनेटला धरून त्याचं बायकार्बोनेट करून टाकतात. म्हणजे दुहेरी मार: आम्लता वाढते आणि शिंपल्याचा कच्चा मालही आटतो.

समुद्राच्या वरच्या थराचा पीएच (आम्लतेचा आकडा, जितका कमी तितकं पाणी आम्ल) साधारण ८.२ वरून ८.१ वर आला आहे. समुद्र अजूनही अल्कधर्मीच आहे आणि पुढेही राहील. 'आम्लीकरण' म्हणजे उतरणीची दिशा, एवढाच अर्थ. पण पीएचची मोजपट्टी लॉगची, म्हणजे एका अंकाला दहापट फरक अशी, असल्यामुळे ०.१ ची घट म्हणजे हायड्रोजन आयनांमध्ये सुमारे २६ टक्के वाढ. हे वाक्य मी अहवालात ठळक छापणार आहे, कारण ०.१ ऐकून प्रत्येक जण खांदे उडवतो. आज घरी बाबांनीही उडवले.

११ डिसेंबर

मामाचं पार्सल आलं. खाऊन झालेल्या तिसऱ्यांचे शिंपले धुऊन, उन्हात वाळवून, जुन्या पंचात बांधून पाठवले आहेत. कालवं खडकावरच फोडून काढतात, त्यामुळे त्यांची अख्खी कवचं जेमतेम नऊ निघाली. जिवंत प्राणी मागवायचा नाही हे सुरुवातीलाच ठरलं होतं. खाऱ्या पाण्यातले जीव इथे नीट सांभाळता येणार नाहीत, आणि तडफडणाऱ्या प्राण्यावरून काढलेला निष्कर्ष कुठल्याच कामाचा नसतो. कच्छच्या आखातातल्या सागरी राष्ट्रीय उद्यानातून काही उचलण्याचा तर प्रश्नच नाही.

संध्याकाळी भिंग घेऊन एक तिसरी निरखली. बाहेरून बारीक कंगोरे, एकाला एक समांतर, मध्येच एखादा ठसठशीत. तिथे वाढ काही दिवस थांबून पुन्हा सुरू झालेली. आतल्या बाजूला दोन फिकट डाग, दोन्ही स्नायू जिथे चिकटलेले असतात तिथे. डागांच्या मधून एक रेघ जाते, ती प्रावाराची. प्रावार म्हणजे कवचाला आतून लागलेला मऊ पडदा. हाच पडदा कवच बांधतो.

तिसरीचं कवच ॲरॅगोनाइटचं. मोठ्या कालवाचं बहुतेक कॅल्साइटचं. दोन्ही कॅल्शियम कार्बोनेटच, स्फटिकाची रचना वेगळी. ॲरॅगोनाइट लवकर विरघळतं. गंमत अशी की कालवाचं पिल्लू पहिलं कवच ॲरॅगोनाइटचंच बांधतं. म्हणजे सगळ्यात नाजूक वयात सगळ्यात विरघळणारा माल हाताशी.

१८ डिसेंबर

बरण्या मांडल्या. ॲक्वेरियमच्या दुकानातून समुद्री मीठ आणलं, लिटरला ३५ ग्रॅम. दुकानदाराने पाणवनस्पतींच्या टाकीला लावतात तो कार्बन डायऑक्साइडचा छोटा सिलिंडर महिन्याच्या भाड्याने दिला.

पहिली बरणी: नुसती हवा, पीएच ८.१. दुसरी: ७.८, म्हणजे कार्बन असाच सोडत राहिलो तर या शतकाच्या शेवटी जिथे पोचू त्याच्या आसपास. तिसरी: ७.३, मुद्दाम टोकाची. प्रत्येकीत सहा तिसऱ्या आणि दोन कालवांची कवचं. उरलेली तीन कालवं तुलनेसाठी बाजूला. सकाळ-संध्याकाळ मोजणी, पाचव्या दिवशी पाणी बदलायचं.

२० डिसेंबर

मोठी चूक सापडली, आणि ती माझीच आहे.

मी पीएच मीटर ४, ७ आणि १० च्या बफरवर, म्हणजे ठरलेल्या पीएचच्या द्रावणांवर, लावते. ते बफर गोड्या पाण्यातले. त्यावर बेतलेली मोजपट्टी आणि समुद्रशास्त्राच्या शोधनिबंधांतली 'टोटल' मोजपट्टी या दोन वेगळ्या आहेत. खाऱ्या पाण्यात त्यांच्यात साधारण ०.१३ चा फरक पडतो. माझा मीटर ७.८ दाखवत होता तेव्हा निबंधांच्या भाषेत ते ७.६७ च्या आसपास होतं. गेल्या दीड-दोनशे वर्षांत साऱ्या समुद्रात झालेला बदल ०.१ चा, आणि माझ्या मोजपट्टीतली तफावतच त्याहून मोठी! दोन दिवसांचे आकडे खोडले. आता मीटरवर ७.९३ आलं की ते ७.८ धरायचं, तिन्ही बरण्यांना हाच हिशेब. वहीच्या पहिल्या पानावर लाल शाईने लिहून ठेवलं. पुढच्या वर्षी जो कोणी हा मीटर वापरेल त्याने ते पान आधी वाचावं.

२७ डिसेंबर

सुट्टी. दिवसभर वाचन, आणि आज वाचलेलं डोक्यातून जात नाहीये.

अमेरिकेच्या ओरेगन राज्यात नेटार्ट्स उपसागराच्या काठी कालवांचं बीज तयार करणारी एक हॅचरी आहे. २००७-०८ च्या सुमारास तिथली पिल्लं लाखोंनी मरू लागली. आधी जंतूंवर संशय गेला. नंतर कळलं की वारा विशिष्ट दिशेने वाहिला की खोल समुद्रातलं, कार्बन डायऑक्साइडने भरलेलं थंड पाणी वर येतं, आणि ते टाक्यांत शिरलं की पिल्लं जगत नाहीत. उपाय साधा निघाला: पाण्यावर सतत पहारा आणि गरज पडेल तेव्हा सोडियम कार्बोनेट, म्हणजे धुण्याचा सोडा. हॅचरी सावरली. पण उघड्या समुद्रात सोडा कोण टाकणार?

पिल्लंच का मरतात हे त्याहून महत्त्वाचं. फलन झाल्यापासून एक-दोन दिवसांत कालवाचा डिंभक, म्हणजे अगदी कोवळं पिल्लू, पहिलं कवच बांधतो, इंग्रजी डी अक्षरासारखं. तोवर त्याला खाता येत नाही. अंड्यातल्या शिदोरीवरच सगळं चालतं. त्या एवढ्या वेळात त्याच्या अंगाच्या वजनाचा सुमारे ९० टक्के भाग होईल इतकं कॅल्शियम कार्बोनेट तो जमवतो. घाई इतकी, की बांधकामाची जागा बाहेरच्या पाण्यापासून नीट बंद करायलाही सवड नसते. मोठं कालव आडोशाला बसून बांधतं, पिल्लू उघड्यावर. बाहेर कार्बोनेट कमी असेल तर तेवढंच कवच बांधायला शिदोरी जास्त खर्च होते, आणि तोंड उघडून पहिला घास घेण्याआधीच ती संपते.

मी इतके दिवस समजत होते की पिल्लांची कवचं विरघळतात म्हणून ती मरतात. मरतात ती बहुतेक उपाशी.

२ जानेवारी २०२५

पहिलं वजन. तिन्ही बरण्यांतल्या शिंपल्यांचं वजन वाढलेलं! अर्धा तास घाबरून बसले होते. कारण मीठ. सच्छिद्र भागांत खारं पाणी शिरतं, वाळलं की मीठ मागे राहतं. आता दोन तास ऊर्ध्वपातित पाण्यात ठेवून, मग ओव्हनमध्ये वाळवून, मग काट्यावर.

१४ जानेवारी

उत्तरायण. सकाळपासून सगळं दांडिया बाजार गच्चीवर. तिळगूळ, उंधियू आणि 'काप्यो छे'चा गजर. प्रयोगशाळेत जाऊन यायला दुपारचा एक तास चोरला. पहिल्या बरणीचा पीएच ८.१ वरून ७.६ वर घसरलेला, हवेचा पंप मात्र नीट चालू. रात्री झोप लागली नाही.

१५ जानेवारी

सापडलं. एका तिसरीच्या बिजागरीच्या खाचेत वाटाण्याएवढाही नाही असा मांसाचा सुकलेला तुकडा राहिला होता. पाण्यात तो फुगला, कुजला, जिवाणूंनी श्वासोच्छ्वास केला आणि पाण्यात कार्बन डायऑक्साइड सोडला. पाण्याला किंचित वास येत होता तो मी आठवडाभर 'समुद्राचा वास' समजत होते.

पाणी बदललं, शिंपला बाद केला. पण एक गोष्ट शिकले. खाडीत, खारफुटीत हे रोज रात्री घडतं. दिवसा वनस्पती आणि शैवाल कार्बन डायऑक्साइड खेचतात, रात्री सगळे फक्त श्वास सोडतात, आणि पीएच वर-खाली होत राहतो. किनाऱ्यावरच्या शिंपल्याला ८.१ चं स्थिर पाणी आयुष्यात क्वचितच मिळत असेल. मग त्याला आम्लतेची सवय आहे, की तो आधीच कडेलोटाच्या जवळ उभा आहे? मॅडमना विचारलं. "दोन्ही असू शकतं, वाचत राहा," एवढंच म्हणाल्या.

२२ जानेवारी

पाच आठवडे झाले. दुसऱ्या बरणीतली तिसरी क्रमांक चार: सुरुवातीला ४.८१२ ग्रॅम, आज ४.८११. बाकीच्याही तशाच. काटा हलला नाही.

मी खचले होते. मग बसून आकडेमोड केली, जी खरं तर डिसेंबरातच करायला हवी होती. खनिज विरघळणार की टिकणार हे संपृक्ततेच्या गुणोत्तरावर ठरतं. ते १ च्या खाली गेलं की विरघळायला सुरुवात, वर असेल तर नाही. माझं पाणी २५ अंशांचं. अशा कोमट, खाऱ्या पाण्यात पीएच ७.८ ला ॲरॅगोनाइटचं गुणोत्तर अजून २ च्या आसपास राहतं. म्हणजे मेलेल्या तिसरीला या शतकाच्या शेवटच्या पाण्यात काही होणारच नव्हतं! थंड समुद्रात गोष्ट वेगळी. तिथलं गुणोत्तर मुळातच कमी असतं.

वही घेऊन मॅडमकडे गेले. त्यांनी आकडे पाहिले आणि म्हणाल्या, "मेलेल्या शिंपल्याला काय विचारतेस? त्याला ना श्वास, ना भूक. जिवंत शिंपल्याला ७.८ मध्ये त्रास होतो हे लोकांनी मोजलंय. तुझ्या बरणीत होत नाही. दोन्ही खरं असेल तर मधे काय आहे?"

मधे खर्च आहे. आज पहिल्यांदा प्रकल्प माझा वाटला.

२४ जानेवारी

त्या 'मधे' विषयी, सविस्तर.

शिंपला बायकार्बोनेट आणि कॅल्शियम घेऊन कवच बांधतो तेव्हा प्रत्येक रेणूमागे एक हायड्रोजन आयन मोकळा होतो. तो बांधकामाच्या जागेवरून बाहेर फेकावा लागतो, नाहीतर तिथलंच पाणी आंबट होऊन काम थांबेल. फेकायला ऊर्जा लागते. बाहेर आधीच हायड्रोजन आयनांची गर्दी असेल तर जास्त लागते. पूर आला की मोटर लावून तळघरातलं पाणी उपसतात, पण बाहेर रस्त्यावरही पाणी भरलेलं असेल तर मोटर किती दमते हे बडोदेकरांना २०२४ च्या ऑगस्टनंतर वेगळं सांगायला नको.

रक्ताचंही तसंच. मासे आणि खेकडे बायकार्बोनेट साठवून रक्ताचा पीएच बऱ्यापैकी सावरतात. कालवं आणि शिनाणे (खडकाला तंतूंनी धरून बसणारे लांबट शिंपले) यांना ते फारसं जमत नाही. बाहेर कार्बन डायऑक्साइड वाढला की त्यांच्या हिमोलिम्फचा, म्हणजे रक्ताचा, पीएच उतरतो आणि उतरलेलाच राहतो. ओहोटीत शिंपला घट्ट मिटून बसतो तेव्हा त्याचाच श्वास आत कोंडतो. तेव्हा काही शिंपले आपल्याच भिंतीचा थोडा चुना आतून विरघळवून रक्तातलं आम्ल शमवतात. भरती आली की पुन्हा लिंपायचं. कवच म्हणजे नुसती ढाल नव्हे, अडीनडीला मोडायची ठेवही आहे. समुद्रच आंबटला तर ती ठेव पुन्हा भरायला महाग पडते.

पैसा एकीकडे वळला की दुसरीकडे कमी पडतो. कुठे वाढ मंदावते, कुठे रोगाशी लढणाऱ्या रक्तपेशी सुस्तावतात, कुठे खडकाला धरून ठेवणारे तंतू कमजोर पडतात. कोणत्या जातीत काय हे वेगवेगळं. याला सगळ्यात चांगला पुरावा जर्मनीतल्या कील फ्योर्डमधला वाटतो. तिथल्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड नैसर्गिकपणेच खूप चढतो, तरी शिनाण्यांच्या भाऊबंदांची वस्ती दाट आहे. कारण खायला भरपूर. २०१३ मध्ये तिथल्या संशोधकांनी दाखवलं की लहान शिंपल्यांच्या वाढीवर आम्लतेपेक्षा अन्नाचा परिणाम मोठा. पोट भरलेलं असेल तर वाढीव बिल भरता येतं.

२६ जानेवारी

भावाच्या मोटरसायकलवरून कावी-कंबोईला जाऊन आले. बडोद्याहून जवळचा समुद्र म्हणजे हाच, खंभातच्या आखाताचा. भरतीत स्तंभेश्वराचं देऊळ पाण्याखाली जातं. आम्ही पोचलो तेव्हा ओहोटी होती. चिखलावर लहान गोगलगायींनी ओढलेल्या रेघा लांबवर गेलेल्या. पाणी चहासारखं. बाटली भरून आणली, पण घरी येईपर्यंत त्यातल्या जीवांनी श्वास घेऊन पीएच बदलून टाकला असणार, म्हणून आकडा नोंदवत नाही.

३ फेब्रुवारी

आजीला आज प्रकल्प समजावून सांगितला. ती म्हणाली, "म्हणजे मोत्यांचंही तसंच का?" आणि खंडेराव महाराजांच्या गालिचाची गोष्ट सुरू झाली.

गोष्ट खरीच आहे. १८६५ च्या सुमारास खंडेराव गायकवाडांनी मदिनेला अर्पण करण्यासाठी मोत्यांचा गालिचा करवून घेतला होता. आखाती समुद्रातले बारीक 'बसराई' मोती, लाखोंच्या संख्येने. तो मदिनेला कधी गेला नाही. पुढे राजघराण्याबरोबर भारताबाहेर गेला आणि २००९ मध्ये दोह्यात सुमारे ५५ लाख डॉलरला विकला गेला. आजी म्हणते, "बडोद्याचा होता तो." तिच्या स्वरात अजून हळहळ आहे.

आजीचा प्रश्न मात्र नेमका होता. मोती आणि शिंपल्याच्या आतला मुक्ताथर एकाच मालाचे: अर्ध्या मायक्रोमीटरच्या आसपास जाडीच्या ॲरॅगोनाइटच्या पातळ फरशा, मधे प्रथिनांचा गिलावा. मोती देणाऱ्या पिंक्टाडा फुकाटा या शिंपल्यावर ऑस्ट्रेलियन संशोधकांनी २०१० मध्ये काम केलं. ७.८ आणि ७.६ पीएचमध्ये अठ्ठावीस दिवस ठेवल्यावर कवचं साधारण पावपट कमी ताकदीने फुटली. माझ्या काट्याला जे दिसत नाही ते तिथे दाबून बघितल्यावर दिसलं. वजन करणं हेच चुकीचं माप निवडलं का मी? निदान अपुरं तरी.

गिलाव्यातलं एक प्रथिन, नॅक्रिन, १९९६ मध्ये याच जातीच्या मोत्यातून ओळखलं गेलं. त्याचा एक भाग कार्बोनिक अॅनहायड्रेज या विकराचा आहे, म्हणजे कार्बन डायऑक्साइडचं बायकार्बोनेट आणि उलट करणारं यंत्र. कारखाना आणि इमारतीची वीट एकाच रेणूत! आजीला हे सांगितलं तर ती म्हणाली, "गवंडी स्वतःच भिंतीत चिणला गेला म्हण की." यापेक्षा चांगलं मला लिहिता येणार नाही.

११ फेब्रुवारी

जनुकांकडे वळले. मोत्याच्या शिंपल्याचा आणि पॅसिफिक कालवाचा असे दोन्ही जीनोम, म्हणजे सगळ्या जनुकांचे आराखडे, २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. कालवाच्या जीनोममध्ये सुमारे २८ हजार जनुकं. त्यातली ८८ एका कुटुंबातली, एचएसपी७० नावाच्या 'संकटकाळच्या' प्रथिनांची. माणसात अशी सतराच्या आसपास. ओहोटीत तापलेल्या खडकावर तासन्‌तास बसणाऱ्या प्राण्याला एवढा दारूगोळा लागतोच.

आम्लता वाढवली की कोणती जनुकं जागी होतात यावरचे निबंध दिवसभर चाळले. ऊर्जा तयार करणारी, ऑक्सिडेशनपासून वाचवणारी, पेशीचा सांगाडा सावरणारी, कवच बांधणारी. पण कवचाच्या जनुकांबाबत निकाल एकमुखी नाहीत. कुठे ती जोरात चालतात, कुठे मंदावतात. जात वेगळी, वय वेगळं, किती दिवस आम्लात ठेवलं ते वेगळं. जोरात चाललं म्हणजे प्राणी धडपडतोय, मंदावलं म्हणजे त्याने हात टेकले किंवा पैसा वाचवला. नुसता बाण वर की खाली बघून अर्थ लावता येत नाही. माझ्या तक्त्यात म्हणून 'वर/खाली' बरोबर 'किती दिवसांनी' आणि 'खायला काय दिलं' हे दोन रकाने वाढवले. अर्ध्या ओळींत शेवटचा रकाना रिकामा राहिला.

१९ फेब्रुवारी

आज तीन गोष्टी वेगळ्या केल्या. मी आणि वर्गातले सगळे त्यांना एकाच टोपलीत घालत होतो.

एक: त्याच प्राण्याने जनुकांचा वापर बदलणं. तो मेला की ते संपलं.

दोन: आई-बापांनी जे सोसलं त्याचा परिणाम पिल्लांवर होणं. सिडनी रॉक ऑयस्टर या ऑस्ट्रेलियातल्या कालवावरचं २०१२ चं काम याचं उत्तम उदाहरण. प्रजननाच्या काळात प्रौढ कालवांना जास्त कार्बन डायऑक्साइडच्या पाण्यात ठेवलं, तर त्यांची पिल्लं तशाच पाण्यात इतरांपेक्षा मोठी झाली आणि लवकर वाढली. बाळंतिणीच्या खाण्यापिण्यावर आपल्याकडे एवढा कटाक्ष का असतो ते आठवलं. इथे जनुकांची अक्षरं तीच राहतात.

तीन: निवड. ज्यांच्याकडे जन्मतःच योग्य प्रकार आहे तेच जगतात आणि पुढच्या पिढीत त्या प्रकाराचं प्रमाण वाढतं. भूमध्य समुद्रातल्या शिंपल्यांवर २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात अनेक नर-माद्यांची पिल्लं ८.१ आणि ७.४ अशा दोन पाण्यांत वाढवली. थोड्याच दिवसांत दोन्हीकडे वेगवेगळे जनुकप्रकार पुढे आले. नवं काही जन्मलं नव्हतं. जे आधीपासून समूहात विखुरलेलं होतं तेच वर आलं.

हे हाताने करून बघावं म्हणून संगणकावर एक साधा तक्ता मांडला. आकडे माझ्या कल्पनेतले. एक प्रकार दहा टक्क्यांत आहे आणि तो असलेल्या पिल्लांची जगण्याची शक्यता दुप्पट आहे असं धरलं. पुढच्या पिढीत १८ टक्के, मग ३१, मग ४७. तीन पिढ्यांत जवळजवळ निम्म्यावर! मग तोच प्रकार सुरुवातीला हजारात एक धरला. तीन पिढ्यांनंतर एक टक्काही भरत नाही.

स्क्रीनकडे बराच वेळ बघत बसले. कालवाची मादी लाखो अंडी घालते, बहुतेक मरतातच, म्हणून निवडीला वाव प्रचंड आहे. पण तो समूहात आधीपासून असलेल्या विविधतेच्या जोरावर. किनारा खरवडून काढला, खाडी भरून टाकली, मोजक्याच जोड्यांपासून बीज तयार केलं, तर गळतो तो हाच दहा टक्क्यांचा साठा, आणि तो गळल्याचं कोणाला कळतही नाही. मामाला संध्याकाळी फोन केला. त्याच्या लहानपणी कालवं फोडायला जायचे त्यातले दोन खडक आता भरावाखाली आहेत, असं तो सहज बोलून गेला.

२७ फेब्रुवारी

आज एक जुनी गोष्ट हाती लागली. ओखामंडळ, म्हणजे द्वारका-ओख्याचा टापू, पूर्वी बडोदे संस्थानात होता. सयाजीराव महाराजांच्या काळात संस्थानाने तिथल्या सागरी प्राण्यांची पाहणी जेम्स हॉर्नेल यांच्याकडून करवून घेतली. सिलोनच्या मोती व्यवसायावर काम केलेला माणूस. अहवालाचा पहिला भाग १९०९ चा, दुसरा १९१६ चा. तेव्हा पाण्याचा पीएच कोणी नोंदवणं शक्यच नव्हतं. पीएच ही कल्पनाच सोरेनसेन यांनी त्याच १९०९ मध्ये मांडली.

पण पाणी मोजलं नसलं तरी शिंपले जपलेले असतात, आणि जुने-नवे शिंपले शेजारी ठेवता येतात. अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्यावर कॅलिफोर्निया शिनाण्यांचं असं केलं तेव्हा जुनी कवचं आजच्यापेक्षा जाड निघाली. मी लगेच लिहून टाकलं: पातळ होताहेत. मग बेल्जियमचा अभ्यास वाचला. तिथल्या संग्रहालयातली शंभरेक वर्षांची कवचं तपासली तर ती काळानुसार जाड होत गेलेली! पाण्याबरोबर तिथले शत्रूही बदलले होते, आणि भक्षक वाढले की शिंपला भिंत जाड करतो. पहिलं वाक्य खोडलं. दोन किनारे, दोन उत्तरं, दोन्ही तशीच अहवालात जातील.

६ मार्च

शेवटचं वजन. पहिली आणि दुसरी बरणी: फरक काट्याच्या चुकीएवढाच. तिसरी बरणी, ७.३ ची: तिसऱ्या हलक्या झाल्या. क्रमांक चौदा ५.१४० वरून ५.११८. बावीस मिलिग्रॅम. दोन्ही कालवांची घट त्याहून पुष्कळ कमी, कॅल्साइट असल्यामुळे अपेक्षित होती तशीच.

चौदा क्रमांकाची भिंगाखाली धरली. कंगोऱ्यांच्या धारा बोथट झाल्या आहेत. बाहेरची तपकिरी झिलई जिथे आधीच खरवडलेली होती तिथेच खडूसारखा पांढरा ठिपका पडलाय, नख लावलं तर पूड हाताला येते. जिथे झिलई शाबूत आहे तिथे शेजारीच, मिलिमीटरभर अंतरावर, जुनी चकाकी तशीच. त्या पातळ सेंद्रिय साली​मुळे केवढा फरक पडतो हे मी वाचलं होतं, आज पाहिलं.

आईने तो शिंपला हातात घेतला, फुगीर भागावर अंगठा फिरवला. तिच्या लहानपणी लोक असाच शिंपला दगडावर घासून भोक पाडत आणि त्याने कैऱ्या सोलत. "हा नाही चालायचा," ती म्हणाली, "धारच नाही राहिली."

१२ मार्च

अहवाल पूर्ण. शीर्षकातला 'शिंपले विरघळतात' हा भाग काढला, तिथे 'शिंपल्याच्या बांधकामाचा खर्च' असं घातलं. मॅडमनी एकच शेरा दिला: न हललेल्या काट्याचं प्रकरण परिशिष्टातून उचलून पहिलं करायचं. त्यामुळे सगळे पान क्रमांक बदलणार, आज रात्र त्यातच.

सिलिंडर परत केला. क्रमांक चार आणि चौदा सोडून बाकीचे शिंपले वजनाच्या चिठ्ठ्यांसकट डब्यात भरले. त्यातच मीटरबद्दलचं ते लाल शाईचं पान झेरॉक्स करून ठेवलंय. मामाला विचारलं आहे की मे महिन्यात उरलेल्या खडकांवरची कालवं कुठून कुठवर आहेत ते आपण दोघं दोरीने मोजू या का. तो म्हणाला, ओहोटी पहाटेची असेल, उठशील का. उठेन.